मुंबईतला दर आणि एटापल्लीचं पान



एक रुपयाची नोट कुणाकडे आहे का? आहेराच्या लिफाफ्यात हमखास सापडते. घरी गेल्यावर तिच्यावरची सही बघा. ती केंद्राच्या वित्त सचिवांची असते. बाकी सगळ्या नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची. एक रुपयाची नोट सरकारची, बाकीच्या रिझर्व्ह बँकेच्या. त्या नोटांच्या मागे किंमत मराठीत लिहिलेली असते आणि उर्दूतही.

आपल्या खिशावर असे दोन हात चालतात. सरकार कर लावतं, खर्च करतं, धानाचा हमीभाव ठरवतं. रिझर्व्ह बँक पैशाची किंमत ठरवते, म्हणजे बँकांना ती ज्या दरानं उसने पैसे देते तो रेपो दर. २०१६ पासून तो सहा जणांची समिती ठरवते, तिघे रिझर्व्ह बँकेचे आणि तिघे सरकारनं नेमलेले. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, २ च्या खाली नाही आणि ६ च्या वर नाही, अशी ठेवायची हे त्यांचं काम.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे एखादं सेटिंग बदललं की पहिला प्रश्न असतो, ते कुठल्या मशीनपर्यंत पोचलं आणि कुठल्या नाही? रेपो दराला मी तोच प्रश्न विचारतो.

२०२५ या एका वर्षात तो साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आला. नागपुरात वीस लाखांचं, वीस वर्षांचं गृहकर्ज असलेल्या माणसाचा विचार करा. त्याचा व्याजदर साडेआठवरून सव्वासातवर आला, तर महिन्याचा हप्ता सुमारे दीड हजारानं कमी होऊ शकतो. बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जं ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशीच, बांधलेली आहेत. त्याच्यापर्यंत सेटिंग पोचलं.

आता आपल्या मोहल्ल्यात या. बल्लारपूर असो, राजुरा असो, दुपारी दहा-पंधरा बाया एका घरी जमतात, मायक्रोफायनान्सचा माणूस येतो, हप्ते गोळा करतो. ते कर्ज सहसा ठरलेल्या दराचं असतं, आणि तो दर बऱ्याचदा वीस टक्क्यांच्या वर. मुंबईत रेपो उतरला म्हणून खालाजानचा या आठवड्याचा हप्ता एका रुपयानं उतरत नाही. एप्रिल २०२२ पासून या कंपन्यांच्या व्याजावरची ठरीव मर्यादाही रिझर्व्ह बँकेनं काढून टाकली. तिच्या बदल्यात काही नियम आले. घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. सगळा खर्च धरून व्याज किती पडतं ते कागदावर द्यायचं, आणि कर्जाचं कार्ड बाईला कळेल अशा भाषेत हवं. वसुली आधी ठरलेल्या जागीच; लागोपाठ दोनदा ती तिथं आली नाही तरच घरी किंवा कामाच्या ठिकाणी जायचं. हे कार्ड घरी असेल तर आज रात्री वाचून बघा.

आपल्यात व्याजाला हात न लावणारी कुटुंबं आहेत. त्यांच्या निर्णयाचा मला आदर आहे. पण ‘आम्ही व्याजात नाही, मग रेपोशी आमचा काय संबंध’ हे मला पटत नाही. ट्रंकेत ठेवलेली रोकड महागाईनं झिजते, आणि त्या महागाईचा लगाम त्याच समितीच्या हातात आहे.

दोन हात कसे चालतात हे आपल्या जिल्ह्यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये पाहिलं. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरीकडे धान निघायचे दिवस. ८ तारखेला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. १४ तारखेला रिझर्व्ह बँकेनं जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना त्या नोटा स्वीकारायला मनाई केली, आणि धानवाल्याचं खातं तर तिथंच! कायद्यात अशा निर्णयासाठी रिझर्व्ह बँकेच्या मंडळाची शिफारस लागते. २ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा मतानं तो निर्णय वैध ठरवला. वेगळं मत देणाऱ्या न्यायमूर्ती नागरत्ना यांचा आक्षेप हाच होता की प्रस्ताव सरकारकडून आला आणि बँकेनं स्वतंत्र विचार केला नाही. मला त्यांचं म्हणणं पटतं.

आता तेंदूपान. मे महिन्यात एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरचीकडची घरंच्या घरं जंगलात असतात. चंद्रपूरच्या बाजूला तर वाघाची भीती घेऊन बाया पहाटे निघतात. पान तोडायचं, सत्तर पानांचा पुडा बांधायचा, संध्याकाळी संकलन केंद्रावर मोजून द्यायचा. १९६९ च्या कायद्यानं या व्यापाराची मक्तेदारी सरकारकडे होती. पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांच्या बळावर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आता स्वतः लिलाव करतात. ठेकेदार तेलंगणातूनही येतात.

ठेकेदार बोली कशी ठरवतो? मेमध्ये तो बराच पैसा एकदम ओततो, पान गोदामात ठेवतो आणि पुढे वर्षभर विकतो. तो पैसा बँकेचा असेल तर त्याचं व्याज पानाच्या किमतीत चढतं. म्हणजे रेपो दर इथं वळसा घालून का होईना, जंगलात पोचला. दुसरा हात कराचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा तेंदूपानावर १८ टक्के आणि बिडीवर २८ टक्के लागले. पानावर भरलेला कर पुढे बिडीच्या करातून वजा करता येतो हे खरं, पण तोवर तेवढं भांडवल अडकून पडतं. अडकलेल्या भांडवलाचा भार धंद्यात खाली सरकतो, आणि सगळ्यांत खाली पुडा बांधणारी आहे. दुसऱ्या टोकाला बिडी वळणारी आहे. निजामाबादेत आणि मुर्शिदाबादेत त्या कामात मुस्लिम बाया मोठ्या संख्येनं आहेत. एटापल्लीची माडिया बाई आणि मुर्शिदाबादची आपली आपा एकमेकींना कधी भेटणार नाहीत, पण दिल्लीतल्या एकाच तक्त्यातले दोन आकडे दोघींची मजुरी दाबतात.

(बिडीची वकिली मी करत नाही. गडचिरोलीत तंबाखूविरुद्ध ‘मुक्तिपथ’ चालू आहे ते योग्यच आहे. बिडीवर जरूर कर लावा. पण मग वळणारीला आणि तोडणारीला दुसरं काम द्यायची जबाबदारीही घ्या.)

२२ सप्टेंबर २०२५ पासून पानावरचा कर १८ वरून ५ टक्के झाला. त्याच वर्षी रेपोही उतरला. दोन्ही हात एकाच वेळी सैल झाले म्हटल्यावर बोली वाढायला हवी. वाढते का? ग्रामसभांकडे प्रत्येक लिलावाचे कागद असतात. २०२५ च्या हंगामाचा दर आणि त्यानंतरचा दर शेजारी शेजारी मांडायचे. बोली तेवढीच राहिली, तर कराची सूट कुणाच्या गल्ल्यात गेली ते ठेकेदाराला पुढच्या लिलावाआधी विचारता येईल. पानाची प्रत, आंध्र-तेलंगणातली मागणी याही गोष्टी दरात असतात, तेव्हा एका वर्षावर निकाल देऊ नका. दोन-तीन हंगाम बघा.

आपल्या मोहल्ल्यासाठीही असाच एक कागद आहे. बँकांनी त्यांच्या कर्जांपैकी १२ टक्के दुर्बल घटकांना द्यावीत असं रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्ट आहे, आणि अधिसूचित अल्पसंख्याक त्या घटकांत मोडतात. हे फार कमी जणांना माहीत असतं. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांना ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवून ठेवलं होतं. म्हणजे नियम मुंबईहून निघतो आणि शाखेच्या काउंटरवर अडकतो. शिलाई मशीन, गॅरेज, फळांचा गाडा यांसाठी बँकेत कर्ज मिळालं नाही की माणूस वीस टक्क्यांच्या दारात जातो.

प्रत्येक जिल्ह्यात एक अग्रणी बँक असते, तिचा जिल्हा व्यवस्थापक असतो, आणि सगळ्या बँकांची सल्लागार समिती दर तिमाहीला बसते. तुमच्यापैकी बी.कॉम. करणारे पाच-सहा जण आज इथं दिसतात. त्यांनी एक अर्ज लिहावा, गेल्या चार तिमाहींत चंद्रपूर आणि गडचिरोलीत अल्पसंख्याकांना किती कर्जं दिली, कोणत्या शाखेनं दिली, किती अर्ज फेटाळले. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. आकडे आले की मला पाठवा, तक्ता मी करून देतो.