साथीच्या दिवसांतले माणसाचे देणे



२०२० सालचा उन्हाळा आपण विसरलेले नाही. कोरोनाची साथ होती. मुंबई-पुण्याहून माणसे मिळेल त्या वाहनाने, कित्येक तर पायी, गावाकडे परतत होती. कुठे वेशीवर काट्याच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. बाहेरून आलेल्याची रवानगी बऱ्याच गावांत चौदा दिवसांसाठी जिल्हा परिषदेच्या शाळेत होई. गुरुजींच्या हाती खडूऐवजी नोंदवही आली. आणि शाळेत निजणारा तरी कोण? बहुधा त्याच शाळेत पहिलीला बसलेला, गावचाच लेक.

त्याला अलग ठेवले हे चुकले, असे मी म्हणणार नाही. साथ आवरायची तर काही दिवस तसे करावे लागते. प्रश्न पुढचा आहे. आपण त्याला अडवले. मग त्याच्या जेवणाचे काय? बुडालेल्या मजुरीचे काय? अन् कधी सोडणार, हे त्याने विचारायचे कुणाला?

हे ज्या जुन्या कायद्याच्या आधाराने झाले, तो १८९७ सालचा साथरोग कायदा. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला. डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढच्याच फेब्रुवारीत इंग्रज सरकारने अवघ्या चार कलमांचा हा कायदा केला. सरकारला लागतील ते उपाय योजण्याची मुभा, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा, आणि सद्‌हेतूने वागलेल्या अधिकाऱ्याला अभय, हे सारे त्यात आहे. अलग ठेवलेल्या माणसाचे आपण काय देणे लागतो, याची मात्र एक ओळही नाही. २०२० साली दुरुस्ती झाली, तेव्हा डॉक्टर-परिचारिकांवर हात उगारणाऱ्याला कडक शिक्षा आली. ते योग्यच झाले. पण ही ओळ तेव्हाही राहूनच गेली.

ती नसली म्हणजे काय होते, हे पुण्याने पाहिले आहे. रँडसाहेबाच्या प्लेग समितीने गोऱ्या सोजिरांकरवी घरे धुंडाळली. माजघर-देवघर पाहिले नाही. संशयितांना छावणीत नेले, सामानसुमान जाळले. लोक काय करू लागले? घरातला ताप लपवू लागले! लपवलेला रोग थांबतो थोडाच? २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, ते सर्वांना ठाऊक आहे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करीत होत्या. प्लेगनेच १० मार्चला त्या गेल्या. रोग्याला हात लावायचा तो कसा, हे त्यांच्याकडून शिकावे.

आता जगाने काय ठरवले आहे ते सांगतो. १९८४ साली इटलीतल्या सिराक्यूझा गावी कायदेपंडित जमले. त्यांनी सांगितले की, माणसाच्या हक्कांवर बंधन घालायचे तर ते कायद्याने, खरोखर गरज असेल तेवढेच आणि मनमानी न करता घालावे. जागतिक आरोग्य संघटनेचे २००५ सालचे नियम तर अगदी घरगुती भाषेत बोलतात. परदेशातून आलेल्या प्रवाशाला अलग ठेवले, तर त्याला अन्नपाणी, राहायची जागा, कपडे आणि औषधपाणी द्यावे, त्याचे सामान सांभाळावे, शक्यतो त्याला समजेल अशा भाषेत निरोप पोचवायची सोय करावी. सामान सांभाळावे! पुण्याची जळती गाठोडी आठवली म्हणजे या दोन शब्दांचे मोल कळते. हा नियम देशादेशांतल्या प्रवाशांसाठी आहे, हे खरे. पण विमानाने उतरणाऱ्या पाहुण्याला जे मिळावे, ते मुंबईहून चालत आलेल्या आपल्या शेजाऱ्याला का मिळू नये?

आणखी एक गोष्ट घरावरच्या कागदांची. २०२० साली रोग्याच्या दारावर कागद चिकटवीत. शेजार तुटे, दूधवाला वळून जाई. अधिकृत आदेश असल्याशिवाय असे कागद लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात सांगितले. तोवर बरीच दारे रंगून झाली होती.

शिक्षक बंधुभगिनींनो, पुन्हा साथ आली तर किल्ली तुमच्याच हाती येण्याचा संभव आहे. आलेल्या माणसाला का ठेवले ते समजावून सांगा, आणि सुटकेची तारीख पहिल्याच दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. बाई असेल तर न्हाणीला आडोसा आहे का, ते आधी पाहा. दोन वेळची भाकरी कोण देणार, आणि त्याच्या गोठ्यातल्या म्हशीची धार कोण काढणार, हे मात्र ग्रामसभेने आजच, साथ नसताना, ठरवून ठेवलेले बरे.