एका बोलीच्या दोन भाषा

उर्दू ही परदेशातून आलेली भाषा असा समज अद्याप पुष्कळांच्या मनात रुजलेला आहे. परंतु तिची क्रियापदे, सर्वनामे आणि विभक्तिप्रत्यय पाहिले, तर दिल्ली-मेरठच्या परिसरातील ज्या खडी बोलीतून आजची हिंदी घडली, त्याच बोलीची ती कन्या आहे, हे निर्विवाद ठरते.

या बोलीला वाङ्मयीन प्रतिष्ठा मात्र प्रथम दक्षिणेत लाभली, आणि ही गोष्ट आपण मराठी जनांनी अभिमानाने ध्यानी ठेवावी. 1327 साली महंमद तुघलकाने दौलताबादेस राजधानी हलविल्यावर जे दिल्लीकर येथे स्थायिक झाले, त्यांची बोली बहामनी, विजापूर व गोवळकोंडा या दरबारांत दखनी म्हणून बहरली आणि तिने शब्दावर जोर देणारा मराठीचा ‘च’देखील आपलासा केला. पुढे 1700 च्या सुमारास औरंगाबादचा कवी वली दिल्लीस गेला, तेव्हा फारसीत रमलेल्या तेथील कवींना लोकभाषेतील गझलेचे सामर्थ्य उमगले.

हिंदी-उर्दूची फारकत त्यामानाने अर्वाचीन आहे. 1800 साली कलकत्त्यात स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात मीर अम्मन यांनी ‘बागो-बहार’ फारसी लिपीत, तर लल्लूलाल यांनी ‘प्रेमसागर’ नागरीत लिहिला. पुढे कचेऱ्यांतील लिपीचा वाद पेटला आणि हा भेद दृढमूल झाला. तथापि प्रेमचंदांनी दोन्ही भाषांत सारख्याच अधिकाराने लेखन केले.