खरा रिपोर्ट द्या



फौजेत मी तीस वर्षं काढली. रोज संध्याकाळी सुभेदारसाहेब येऊन रिपोर्ट द्यायचे, "सब ठीक है, साहब." माणसं मोजलेली, हत्यारं मोजलेली. पण मन मोजता येत नाही. म्हणून फौजेत प्रत्येक जवानाला एक जोडीदार असतो, त्याला बडी म्हणतात. एखाद्याने जेवण टाकलं, खेळायला येणं सोडलं, सुट्टीवरून येऊन गप्प गप्प राहिला, की बडीने वर कळवायचं. हे मी शेकडो जवानांना शिकवलं.

निवृत्तीनंतर आम्ही इंदूरला राहायला आलो. काही वर्षांनी मला पहाटे तीनलाच जाग येऊ लागली. फिरणं सुटलं. पेपरातली एकच बातमी तीनदा वाचूनही डोक्यात शिरेना. नात बुद्धिबळाचा पट घेऊन आली की मी तिच्यावर खेकसायचो. संध्याकाळचा एक पेग तीनवर गेला. मुलगा फोनवर विचारायचा, "बाबा, कसे आहात?" मी म्हणायचो, "सब ठीक!"

बडीचं काम शेवटी बायकोने केलं. म्हणाली, "अहो, दोन महिने बघतेय मी. तुमच्या एखाद्या जवानाचं असं झालं असतं, तर काय केलं असतं तुम्ही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या, कारण थायरॉइड मंदावलं तरी अशी लक्षणं दिसतात. मग शांतपणे विचारलं, "मरणाचे विचार येतात का?" डॉक्टर मराठी होते, हे माझं नशीब. आयुष्यभर हिंदी-इंग्रजीत हुकूम दिले, पण "हो, येतात" हे मला माझ्या भाषेतच म्हणता आलं. शेजारी बायको बसली होती. तिला ते तेव्हाच कळलं.

असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट दडवलेलं बोलायला वाट मिळते.

गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. दहाव्या दिवशीच मी त्या सोडायला निघालो होतो. तसं करू नका. बरं वाटल्यावरही आपल्या मनाने बंद करू नका. दारू मात्र बंद करा.

मन उदास आहे, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडली आहे, सारखा थकवा येतो, चिडचिड होते, आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं. यातलं बरंच काही दोन आठवडे जवळपास रोज होत असेल, तर डॉक्टरांना भेटा. मरणाचे विचार येत असतील, तर दोन आठवडे थांबू नका आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. १४४१६ ही सरकारची टेली-मानस सेवा २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत. मराठीतूनही बोलता येतं.

आज घरी कुणी "ठीक आहे" म्हणालं आणि तुम्हाला ते पटलं नाही, तर पुन्हा एकदा विचारा. आणि तुम्हाला कुणी विचारलं, तर खरा रिपोर्ट द्या.

जय हिंद.