मोजपट्टीत न मावणारा जवान



 पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या 46 जवानांचा स्मृतिस्तंभ जपणारं अपशिंगे मिलिटरी हे गाव आपल्या कोरेगाव तालुक्याच्या शेजारचंच. म्हणून आजच्या परिषदेला विषयही घरचाच घेतला: जवानाचं काम मोजायचं कसं?

फौजेत मोजमाप रोजचंच. बीपीईटी या शारीरिक चाचणीत रायफलसह पाच किलोमीटर पळायचं, नऊ फुटी खड्डा ओलांडायचा, दोर चढायचा. फायरिंग रेंजवर कोणाची गोळी कुठे लागली, ते टार्गेटच सांगतं. हे हवंच, तिथे सूट दिली तर लढाईत शेजारच्याचा जीव जातो.

पण तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव आठवा. मराठा पलटणीत ते कंपनीचे रनर. काम निरोप पोहोचवण्याचं. 9 एप्रिल 1945 रोजी इटलीत सेनिओ नदीवर त्यांनी गोळीबारात जखमी साथीदारांना पाण्यातून पलीकडे नेलं, मग एकट्याने शत्रूच्या मशीनगन गप्प केल्या. हाताला जखम झाल्यावर बंदूक चालेना, तर ग्रेनेड फेकले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रनरच्या कुठल्या चाचणीत हे आधी दिसलं असतं? दिसलं असेल तर रोज सोबत राहणाऱ्या हवालदारालाच.

आज हा प्रश्न पोटाशी येऊन भिडला आहे. 2022 साली अग्निपथ योजना जाहीर झाली, ती चार वर्षांच्या सेवेनंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीरांना कायम करण्याच्या अटीवर. म्हणजे सेवेतल्या कामगिरीच्या नोंदींवर आता पोरांची भाकरी ठरणार. माझं स्पष्ट मत आहे, की कुठे कमी पडतोस हे जवानाला वेळेत, तोंडावर सांगितलं पाहिजे. चौथ्या वर्षी कळून त्याने काय करायचं? आणि जागाच मोजक्या असताना परत आलेल्याला गावाने नापास म्हणू नये, ही माझी कळकळीची विनंती.

सभागृहात बसलेल्या सुभेदार, हवालदार मंडळींनी आयुष्यभर माणसं पारखली आहेत. कोणता जवान भरवशाचा, हे तुम्ही कशावरून ओळखायचात, ते भरतीची तयारी करणाऱ्या या मुलांना आज मोकळेपणाने सांगा. त्यासाठीच दुपारचं पूर्ण सत्र राखून ठेवलं आहे.

 अध्यक्ष महोदयांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत.