मुख्यालय सोडण्याची परवानगी



या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व विषय येऊन जातात. त्या मानाने माझा आजचा विषय काहींना किरकोळ वाटला असेल. नोकरीतला माणूस मालकाला न सांगता हवा खाण्याच्या ठिकाणी जाऊन बसतो आणि तेथूनच आपले रोजचे काम करतो, एवढीच ही गोष्ट. तो रजा घेत नाही. कामही चुकवीत नाही. सकाळी साडेनऊला कंपनीच्या यंत्रावर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो. कंपनी समजते, स्वारी कोथरूडला आपल्या घरी आहे. आणि स्वारी असते दापोलीजवळच्या कर्द्याला, समुद्रासमोरच्या एखाद्या माडीवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. इंग्रजीत या प्रकाराला ‘हश ट्रिप’ असे नाव पडले आहे. हश म्हणजे तोंडावर बोट ठेवून ‘शू’ म्हणतात ना, तेच.

या गोष्टीवरून आज पुष्कळ घरांत दोन पक्ष पडलेले आहेत. निवृत्त वडील म्हणतात, ही सरळसरळ लबाडी आहे. मुलगा किंवा सून म्हणते, काम वेळेवर झाले ना? मग मी कुठे बसून केले याच्याशी मालकाचा संबंध काय? मला दोन्ही पक्ष अर्धेच बरोबर वाटतात, आणि ते का, हे सांगण्यासाठी मी उभा आहे.

प्रथम एक लक्षात घेऊ की नोकर कुठे आहे हे धन्याला ठाऊक असावे, ही अपेक्षा काही संगणकाबरोबर आलेली नाही. आपल्यापैकी जे सरकारी नोकरीतून निवृत्त झाले त्यांना रजेच्या अर्जातली एक ओळ पाठ असेल : रजेच्या काळात मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी. म्हणजे रजा मिळाली तरी गाव सोडण्याची मोकळीक वेगळी मागायची! तलाठी, ग्रामसेवक, प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर, शाळामास्तर या सर्वांनी नेमणुकीच्या गावी राहावे असा दंडक. तो किती पाळला जातो हे आपण जाणतो. शिक्षक राहतो तालुक्याच्या गावी, शाळेच्या गावी राहत असल्याचा दाखला जोडतो आणि घरभाडे भत्ता घेतो, ही तक्रार आपल्या विधिमंडळातही गाजलेली आहे. पण त्या दंडकामागे कारण होते. रात्री सर्पदंशाचा रोगी आला तर डॉक्टर गावात हवा. त्याचे ‘असणे’ हाच त्याच्या कामाचा एक भाग.

मौजेची गोष्ट अशी की सरकारी नोकरीत याच्या नेमका उलट प्रकारही होऊन गेला. रजा प्रवास सवलत म्हणून जी सोय आहे, तिच्यात काही मंडळी घरीच बसत आणि कन्याकुमारीची खोटी बिले सादर करीत. तेव्हा माणूस घरी असून प्रवासात असल्याचे भासवी. आता तो प्रवासात असून घरी असल्याचे भासवतो. प्रगती म्हणायची ती हीच काय?

आणि कचेरीच हवेशीर ठिकाणी नेण्याची कल्पना तरी नवी कुठे आहे? १८६४ पासून हिंदुस्थान सरकार उन्हाळा आला की सिमल्याला जाऊन बसू लागले. मुंबई सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात आपल्या पुण्यास येई. गणेशखिंडीत आज जी विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, ती त्या काळी गव्हर्नरसाहेबांचे निवासस्थान म्हणून बांधली गेली. दप्तरे, कारकून, पट्टेवाले, सगळा लवाजमा घाट चढून जाई. त्या वार्षिक स्थलांतराच्या खर्चावर देशी वर्तमानपत्रे झोड उठवीत, आणि ते योग्यच होते. पण साहेब कुठे आहे हे कुणापासून लपलेले नसे. त्याला लपविण्याची गरजच नव्हती. तो स्वतःच मालक होता. लपविणे सुरू होते ते खालच्या पायरीवर.

आता आपल्या काळाकडे येऊ. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि जे काम कचेरीतच होऊ शकते असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते, ते काही दिवसांत स्वयंपाकघरातल्या टेबलावरून होऊ लागले. पुण्यात खोली घेऊन राहणारी मुले लातूरला, चिपळूणला, जळगावला आपापल्या घरी गेली. कुणी विचारले नाही की बाबा, तू कुठून बोलतो आहेस? त्याच वर्षी नोव्हेंबरात दूरसंचार खात्याने या व्यवसायावरचे नियम सैल केले आणि घरूनच काय, देशात कोठूनही काम करण्याला वाट मोकळी झाली. पुढे साथ ओसरली. कंपन्यांनी लोकांना परत बोलावले. कुणी आठवड्याचे दोन दिवस म्हटले, कुणी तीन, कुणी पाच. पण उरलेल्या दिवशी ‘घरून’ म्हणजे नेमके कुठून, हे पुष्कळ ठिकाणी कुणी स्पष्ट लिहिलेच नाही. त्या न लिहिलेल्या ओळीत ही गुपचूप सहल शिरली. तेव्हा मोघम बोलणारे मालक हे या लबाडीतले भागीदार आहेत, हे मी वडीलपक्षाला सांगू इच्छितो.

आता मुलाचा युक्तिवाद घेऊ. काम झाले ना? पुण्याऐवजी कर्द्याहून केलेल्या कामात खोट राहते असे मुळीच नाही. घाटापलीकडे गेल्याने हिशेब चुकत नाहीत. कोकणात मे महिन्याच्या अखेरीस वळवाची सर आली की वीज जाते आणि डोंगराआड मोबाइलची रेंज जाते, ही अडचण खरी. पण वीज पुण्यातही जाते. तेव्हा राज्याच्या हद्दीत, आपल्या बुद्धीने करावयाच्या कामात, जागेचा प्रश्न बहुतेक वेळा निव्वळ प्रतिष्ठेचा असतो, हे मान्य करावे लागेल.

पण सर्वच कामे अशी नसतात. आपल्या शहरातली कितीतरी मुले परदेशी बँकांची, विमा कंपन्यांची, इस्पितळांची कामे करतात. तेथील लोकांची खाजगी माहिती कोणत्या देशात, कोणत्या जागी, कुणी पाहावी याचे करार झालेले असतात. काही कामांसाठी तर अशा खोल्या आहेत की आत मोबाइलही नेता येत नाही. ती माहिती उपाहारगृहाच्या उघड्या वाय-फायवरून पाहिली गेली, तर करार मोडतो कंपनीचा. आणि आपण ज्याला ओळखतही नाही अशा माणसाचे बँकखाते उघडे पडू शकते.

देशाबाहेर गेले की प्रश्न आणखी बिकट. पर्यटक म्हणून मिळालेल्या परवान्यावर काम करायला अनेक देशांत मनाई आहे, मग पगार कुठूनही येवो. शिवाय करांचा प्रश्न. देशादेशांतील करारांत बहुधा १८३ दिवसांची मर्यादा असते. तिच्या आत, काही अटी पाळून, परक्या देशातला पगारावरचा कर टळतो. पण कर्मचारी तेथे ठाण मांडून बसला, तर त्या देशाचे करखाते कंपनीलाच विचारू शकते की तुमचे येथे कायमचे ठाणे आहे काय? ज्या कंपनीला आपला माणूस तेथे आहे हेच ठाऊक नाही, ती काय उत्तर देणार? काही देशांनी हे ओळखून राजरोस दार उघडले. २०२० साली बार्बाडोसने आणि एस्टोनियाने दूर बसून काम करणाऱ्यांसाठी वेगळा परवाना काढला. म्हणजे प्रश्न सुटण्याजोगा आहे, पण तो तोंड उघडल्यावर सुटतो.

लपविता येते का, असेही कुणी विचारील. प्रत्येक जोडणीला एक आकडी पत्ता असतो आणि त्यावरून देश व बरेचदा शहरही कळते. मोबाइलच्या जोडणीत मात्र गंमत होते; माणूस गुहागरला आणि पत्ता दाखवतो मुंबई. त्यामुळे देशातल्या देशात यंत्र फसते. माणसे पकडली जातात ती दुसऱ्याच कारणाने. बैठकीच्या चित्रात मागे खोट्या पुस्तकांचे कपाट लावलेले असते, आणि आवाज येतो माडाच्या झावळ्यांचा. किंवा खालून कुणीतरी हाक मारते, पाहुणे, सोलकढी आणू का?

यात हसण्यासारखे पुष्कळ आहे. पण जिथे हसू येत नाही तिथे आता येतो. समजा, त्या माडीच्या शेवाळलेल्या पायरीवरून दुपारी तीन वाजता हा गृहस्थ घसरला आणि पाय मोडला. कामगार भरपाईच्या कायद्यात, तो १९२३ साली आपल्याकडे आला तेव्हापासून, पहिला प्रश्न हाच की अपघात नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात झाला काय? दप्तरात तो कोथरूडला आहे. खरे सांगावे तर लपविलेले उघड होते, खोटे सांगावे तर इस्पितळाचा कागद दापोलीचा. ज्या क्षणी मालकाने पाठीशी उभे राहायला हवे, त्याच क्षणी हा माणूस त्याच्या लेखी तेथे नसतो.

आणि घरात काय होते? पाच-सहा वर्षांचे पोर बरोबर असते. ते वाळूत किल्ला करून धावत येते, बाबा, बघायला चला. बाबा म्हणतात, शू! हाच तो ‘हश’. फोनवर साहेब आहेत. समुद्रावर आलो आहोत हे बोलायचे नाही. पोराला कर, करार काही कळत नाही. त्याला एवढेच कळते की समुद्रावर जाणे ही लपविण्याची गोष्ट आहे. इकडे पुण्यात आजी एकटी असते. कंपनीचे पार्सल घेऊन कुणी आले की तिला सांगावे लागते, तो आंघोळीला गेला आहे. सत्तर वर्षे सरळ बोललेल्या बाईला आपण कशासाठी खोटे बोलायला लावतो? चार दिवसांच्या रजेसाठी!

रजेचे नाव निघाले म्हणून सांगतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आठवड्याचा एक दिवस पुरा विसावा मिळावा, ही त्यांची मागणी. गिरणीमालकांनी ती मान्य केली १० जून १८९० रोजी, सहा वर्षांनी. त्या रविवारासाठी माणसे अर्जांवर अंगठे उठवीत होती, मैदानात सभा भरवीत होती. आपल्या राज्याने २०१७ साली दुकाने व आस्थापनांचा जो नवा कायदा केला, त्यात वर्षाला ८ दिवसांची नैमित्तिक रजा आली. २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक दिवस हक्काची रजा आली, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठविण्याची सोय आली. हे सगळे पदरात असताना आपला सुशिक्षित तरुण रजा साठवून ठेवतो आणि समुद्रावर यंत्र उघडून बसतो! त्याला विचारावे तर तो म्हणतो, रजा मागितली की वरिष्ठ तोंड वाकडे करतात. रजेवर असलो तरी फोन येतोच. मग रजा खर्ची कशाला घालू? हे उत्तर खोटे नाही, आणि खरी तक्रार येथेच आहे. पण तक्रार गिळून त्याने जो मार्ग काढला त्यात मालकाचे काही बिघडत नाही. मालकाला काम मिळाले, रजेचा दिवसही द्यावा लागला नाही. बुडाला तो लोखंड्यांचा रविवार.

शिवाय जो सहकारी सरळपणे विचारायला जातो, आई आजारी आहे, महिनाभर सांगलीहून काम करू का, त्याच्यावर याचा भार पडतो. चार जण लपून गेलेले सापडले की पाचव्याच्या विनंतीकडे संशयाने पाहिले जाते. मग कंपन्या हेरगिरी करणारी साधने बसवितात, कळफलकावर बोटे पडतात की नाही हे मोजतात; आणि लोकही कमी नाहीत, ते उंदीर आपोआप हलविणारी खेळणी विकत घेतात. उंदीर म्हणजे संगणकाचा माउस हो! २०२४ साली अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने डझनाहून अधिक नोकरांना काढले, कळफलक चालू असल्याचा नुसता आभास केल्याबद्दल. एकमेकांना फसविणाऱ्या दोन यंत्रांची ही झुंज पाहून मला तरी खेद होतो. दोन्हीकडे शहाणी माणसे बसलेली आहेत.

उघडपणे करता येत नाही असेही नाही. एअरबीएनबी या कंपनीने २०२२ साली आपल्या लोकांना सांगितले की देशात कोठेही राहून काम करा, परदेशी एका ठिकाणी वर्षातून ९० दिवसांपर्यंत करा; मात्र करांसाठी आणि पगारासाठी एक कायमचा पत्ता आम्हाला द्या. त्यांचा धंदाच प्रवाशांना घरे देण्याचा, तेव्हा त्यात स्वार्थ नव्हता असे मी म्हणत नाही. पण ओळ लिहिली गेली. आपल्या पुण्यातल्या कंपन्यांनी एवढे तरी लिहावे : कोणती कामे जागेवरच व्हावीत, देशात किती दिवस कुठूनही चालेल, आणि देशाबाहेर विचारल्याशिवाय जाऊ नये. वरिष्ठांनी रजेवरच्या माणसाला फोन करण्याची सवय सोडावी, हे लिहून होणार नाही. ते करून दाखवावे लागेल. आणि तरुणांनो, ओळ लिहिलेली नसेल तर दोन वाक्यांचे पत्र तुम्ही लिहा : अमुक ते अमुक तारखेला मी दापोलीहून काम करीन, या क्रमांकावर भेटेन. ‘नाही’ असे उत्तर आले, तर रजेचा अर्ज आहेच.

माझी वेळ संपत आली. प्रश्नोत्तरांसाठी अध्यक्षांनी दहा मिनिटे ठेवली आहेत. या सभेत असे गुपचूप जाऊन आलेले कुणी असतील तर त्यांनी अवश्य बोलावे, माझे म्हणणे खोडून काढावे. नाव सांगण्याची सक्ती नाही, आणि कुठून बोलता हेही मी विचारणार नाही.