आधी वायर पाहा, मग प्लेटांचं बोला
(साखरा येथील बैठकीतील भाषण)



बैल लंगडला तर आपण आधी त्याचा खूर उचलून पाहतो, मग डॉक्टरकडे जातो. मोटारसायकलचं मात्र उलट आहे. आपल्या मराठवाड्यात, वाळूजला, १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे. १९९४ साली हिरो होंडाची स्प्लेंडर आली. आज बियाण्याची पिशवी, फवारणीचं औषध, दवाखान्याची धाव, सगळं गाडीवर. पण ती अडली की आपण मेस्तरीच्या दारात लोटतो. तो म्हणाला ‘प्लेटा गेल्या’, की पैसे मोजतो. ऐन पेरणीत हा खर्च परवडतो का? मग आधी घरी दोन मिनिटं तपासा.

क्लचमध्ये प्लेटांची चवड असते. स्प्रिंगा ती घट्ट दाबून धरतात, म्हणून इंजिनाचा जोर चाकाला पोचतो. दांडी दाबली की वायर ओढली जाते, प्लेटा सुटतात.

इंजिन बंद ठेवून दांडी हळूच दाबा. जोर लागण्याआधी तिचं टोक साधारण १० ते २० मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या जाडीएवढं, सैल हललं पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.

ढिलाई मुळीच नसेल तर प्लेटा पूर्ण दाबल्या जात नाहीत. रेस दिली की इंजिन ओरडतं, गाडी उचलत नाही. प्लेटा घासतात, पेट्रोल वाया जातं. ढिलाई जास्त असेल तर दांडी दाबूनही गाडी पुढे ओढते, गिअर खडखडतो, न्यूट्रल लागत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. दांडीच्या मुळाशी वायर शिरते तिथला चेकनट सैल करा. आट्यांचा बोल्ट बाहेर काढला की ढिलाई कमी होते, आत पिळला की वाढते. एका वेळी अर्धाच फेरा द्या, मग पुन्हा मोजा. तिथले आटे संपत आले तर बोल्ट आत घ्या आणि खाली इंजिनाजवळच्या नटावर जुळवा. चेकनट घट्ट करा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. ढिलाई बदलली तर वायर कुठेतरी अडकते आहे. वायरचे तार तुटू लागले असतील तर जुळवत बसू नका, वायर बदला.

ढिलाई बरोबर असूनही वरच्या गिअरमध्ये इंजिन नुसतं ओरडत असेल, तर तेल तपासा. आपल्या बहुतेक गाड्यांचा क्लच इंजिनाच्या तेलातच बुडालेला असतो. मोटारीचं तेल स्वस्त मिळालं म्हणून ओतू नका, त्यानं प्लेटा घसरू शकतात. डब्यावर ‘जासो एम.ए.’ लिहिलेलं गिअरच्या मोटारसायकलचं तेल घ्या. तेलही बरोबर असेल तर मात्र प्लेटा किंवा स्प्रिंगा पाहाव्या लागतील. ते काम मेस्तरीचं. काढलेल्या जुन्या प्लेटा मात्र मागून घ्या आणि नव्यांशेजारी ठेवून पाहा.

शेवटचं सांगतो. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात चिखल मडगार्डात बसतो, चाक जाम होतं. तेव्हा अर्धी दांडी दाबून रेस देत राहिलात तर प्लेटा जळतात. खाली उतरा, काडीनं चिखल काढा, मग पुढे चला. रोज दांडीवर बोटं टेकवून गाडी चालवायची सवयही सोडा.

मेस्तरी आपला वैरी नाही. पण ज्याला आपल्या गाडीचं दुखणं सांगता येतं, त्याचं बिलही तपासून येतं. आज घरी गेल्यावर दांडी दाबून पाहा आणि शेजाऱ्यालाही दाखवा.