वजन कमी करण्याचं ऑपरेशन: रजा किती दिवसांची टाकायची?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातली भाषा शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)

आज एकच प्रश्न घेऊया. बेरियाट्रिक सर्जरी, म्हणजे वजन कमी करण्याचं ऑपरेशन ठरलं. तारीख मिळाली, घरचे तयार झाले. आता साहेबांकडे रजेचा अर्ज द्यायचा. त्यात दिवस किती लिहायचे? इथे पेन अडतं.

उत्तर आधीच सांगते. ऑपरेशन दुर्बिणीतून झालं आणि सगळं सुरळीत असेल, तर बहुतेकांना दवाखान्यातून दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. बैठं काम असेल, बँक, तलाठी कार्यालय, कॉम्प्युटर, तर साधारण 2 आठवडे धरा, जमलं तर 3. दिवसभर उभं राहायचं काम असेल, वर्ग शिकवणं, दुकानाचा काउंटर, तर 3 ते 4 आठवडे. आणि उचल-ठेव असेल, एमआयडीसीतलं मशीन, हमाली, गोठा, शेत, तर 6 आठवड्यांच्या आत पूर्ण कामाला हात लावायचा नाही. शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचा, हे आहेच.

पण हे आकडे कुठून येतात ते कळलं, तरच ते पाळले जातात. नाहीतर आठव्या दिवशी बरं वाटतं आणि माणूस गाडीला किक मारतो.

पोटावर चार-पाच छोटी छिद्रं असतात. ती आठ-दहा दिवसांत भरलेली दिसतात. लोक म्हणतात, टाके सुकले, झालं. पण खरं काम आत झालेलं असतं. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून आतड्याला जोडतात. आतली शिवण आणि पोटाच्या भिंतीचे स्नायू घट्ट व्हायला आठवडे लागतात. त्याआधी जोर पडला तर छिद्राच्या जागी हर्निया होऊ शकतो. म्हणून पहिले 4 ते 6 आठवडे साधारण 5 किलोच्या वर काही उचलू नका, असं सांगतात. आता हिशेब करा. 15 लिटरचा भरलेला हंडा 15 किलोच्या वर जातो. युरियाची गोणी 45 किलोची. घरगुती गॅसची भरलेली टाकी 30 किलोच्या आसपास. दुधाचा 40 लिटरचा कॅन तर विचारूच नका. आणि कडेवर यायला हट्ट करणारं दोन वर्षांचं पोरगंसुद्धा 10-12 किलोचं असतं.

दुसरं कारण आहे पाणी, आणि याचा विचार रजा टाकताना फार कमी लोक करतात. ऑपरेशननंतर घटाघटा पाणी पिता येत नाही. घोट-घोट प्यावं लागतं. समजा दर दहा मिनिटांनी 30 मिली, तर तासाला 180 मिली. दिवसाला दीड लिटर व्हायला आठ तासांच्या वर लागतात. म्हणजे पाणी पिणं हीच एक शिफ्ट झाली! त्यात पहिले दोन आठवडे पातळ आहार, मुगाचं कढण, पातळ ताक, गाळलेलं सूप, डॉक्टरांनी दिलेली प्रोटीन पावडर. पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. भाकरी बऱ्याच उशिरा. पोटात जेमतेम काहीशे कॅलरी जातात, त्यामुळे दुपारी गळाल्यासारखं होतं. पहिल्या महिन्यात परत दवाखान्यात जावं लागण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे अंगातलं पाणी कमी होणं. म्हणून कामावर जाण्याआधी स्वतःला विचारा: माझ्या जागेवर दर दहा मिनिटांनी घोट घेता येईल का? पत्र्याच्या शेडखाली, भर एप्रिलात, लाइन थांबवता येत नाही अशा ठिकाणी नाही घेता येणार. मग टाके कितीही छान दिसोत, रजा वाढवा.

आता तारीख कधीची घ्यायची? शिक्षक मंडळी मे महिना बघतात. सुट्टी आहे, रजा वाचते, बरोबर. पण नगरचा मे म्हणजे पारा चाळिशीपार, आणि तुम्ही घोट-घोट पाण्यावर. मे निवडलात तर ते दिवस घरात, सावलीत काढायचे. लग्नाच्या पंगती त्या वर्षी सोडायच्या. साखर कारखान्यातल्या माणसाला गळीत हंगामात, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पुढे, रजा मिळणं मुश्कील. ऑफ सीझन सोयीचा, पण तेव्हा दुरुस्तीची जड कामं निघतात, हे फोरमनशी आधीच बोलून ठेवा.

आणि प्रवास धरा. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा. या ऑपरेशनसाठी अनेक जण पुण्याला जातात. नगरहून 120 किलोमीटर, तीन तास. अकोले, संगमनेर, कोपरगावकडचे नाशिकलाही जातात. पहिल्या आठ-दहा दिवसांत एक तपासणी, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी. प्रत्येक फेरीला एक पूर्ण दिवस जातो. सगळी रजा सुरुवातीलाच संपवू नका, तीन-चार दिवस मागे ठेवा. प्रवासात तासाभराने गाडी थांबवून चाला, कारण बसून राहिलं की पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. स्वतः गाडी चालवणं, गुंगी आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या बंद झाल्यावर आणि जोरात ब्रेक दाबताना पोट दुखत नसेल तेव्हाच.

आता रजेचा पैसा. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना 1981 च्या रजा नियमांनुसार अर्जित रजेशिवाय वर्षाला 20 दिवस अर्धवेतनी रजा जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती पूर्ण पगाराच्या परिवर्तित रजेत बदलता येते, पण खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. 14 दिवस घेतले तर 28 गेले. शिक्षकांचा अर्जित रजेचा हिशेब वेगळा असतो, तो कार्यालयात विचारा. दुकानाला किंवा खासगी ऑफिसाला राज्याचा 2017 चा कायदा लागू असेल, तर त्या कायद्याने वर्षाला 8 दिवस किरकोळ रजा, आणि वर्षात 240 दिवस काम झालं असेल तर दर 20 दिवसांमागे 1 दिवस भरपगारी रजा. ती 45 दिवसांपर्यंत साठते.

कारखान्यात ईएसआय कापलं जात असेल, तर आजारपणाच्या काळात सरासरी वेतनाच्या 70 टक्के रक्कम वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी सहा महिन्यांच्या काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते, आणि ईएसआयच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र. खासगी दवाखान्याच्या कागदावर विसंबू नका. ऑपरेशनच्या आधीच आपल्या ईएसआय दवाखान्यात जाऊन विचारा.

रोजंदारीवाल्याला आणि घरातल्या बाईला यातलं काहीच नाही. तिथे रजा घरच्यांनी द्यायची असते. सहा आठवडे पाणी कोण भरणार, धारा कोण काढणार, टाकी कोण लावणार, हे तारीख घेण्याआधी नावानिशी ठरवा. "बघू तेव्हा" म्हटलं की तिसऱ्या दिवशी तीच बाई हंडा उचलते.

ठरलेली रजा वाढूही शकते. सप्टेंबर 2014 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री अरुण जेटली यांचं दिल्लीत हे ऑपरेशन झालं, आणि नंतर त्यांना पुन्हा एम्समध्ये भरती व्हावं लागलं. देशाच्या अर्थमंत्र्यालाही मुक्काम वाढवावा लागतो. म्हणून अर्जातच लिहा, "डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार मुदत वाढू शकते." कारण काय लिहायचं? "पोटाची शस्त्रक्रिया" पुरेसं आहे. सगळ्या ऑफिसला सांगायची सक्ती नाही. पण शेजारच्या टेबलावरच्या एका तरी माणसाला खरं सांगा. म्हणजे पहिल्याच दिवशी पेढा आणि चहाचा आग्रह झाला की तो सांभाळून घेईल, आणि चक्कर आली तर त्याला कारण माहीत असेल. मधुमेहाचं किंवा बीपीचं औषध चालू असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण ऑपरेशननंतर डोस झपाट्याने बदलतात.

कामावर असा की घरी, ताप, छातीत धडधड, दम लागणं, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढतं दुखणं, पोटरीला सूज, किंवा पाणीही न टिकणारी उलटी, यातलं काही झालं तर शिफ्ट संपायची वाट बघायची नाही. त्याच तासाला सर्जनला फोन, नाही लागला तर जवळचा मोठा दवाखाना.

रुजू होताना जमलं तर पहिला आठवडा अर्धा दिवस मागा, आणि बुधवारी किंवा गुरुवारी रुजू व्हा. दोन-तीन दिवस काम केलं की रविवार येतोच.

वजन वर्षभर कमी होत राहणार आहे. दहा दिवसांची रजा वाचवून त्यात काही वाढत नाही, हर्निया झाला तर मात्र पुन्हा ऑपरेशन आणि पुन्हा रजा. तेव्हा अर्जावर एक आठवडा जास्तीचा लिहा. उरला तर लवकर रुजू होता येतं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि हो, पाणी घोट-घोट!